वरच्या मजल्याची चौकशी

फ्लॅट बघायला जाणाऱ्या लोकांइतके बावळट लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. आत शिरले की आधी नळ सोडून बघतात. मग टाइल्सवर टाच आपटतात, देवघर कुठल्या दिशेला ते विचारतात आणि पार्किंगमध्ये उभं राहून "छान आहे" म्हणतात. अरे, त्रास काय टाइल्स देणार आहेत? त्रास शेजारी देणार आहे. त्याच्याकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही.

मी बघतो. तहसिलीत अव्वल कारकून म्हणून जन्म काढला आहे. माणूस टेबलापर्यंत पोचायच्या आत तो खरं किती बोलणार हे मला कळायचं. त्यामुळे चिखलीतच फ्लॅट घ्यायचा ठरल्यावर मी दलालाला सांगून टाकलं, भिंती तू दाखव, भिंतीपलीकडची माणसं माझी मी बघतो.

फ्लॅट घ्यायचा होता तो माझ्या बायकोसाठी, सत्यभामेसाठी. आमचं घर मंगल कार्यालयाला लागून आहे. लग्नसराई आली की बँड, मग डीजे, आणि त्यापुढे नाचणारे ते लोक, ज्यांना ताल नाही आणि लाजही नाही. सत्यभामा डोक्याला फडकं बांधून आतल्या खोलीत पडलेली असते. डोकं ठणकतं, झोप नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. शेवटी म्हणाला, गोळ्यांनी हे जायचं नाही, यांना शांतता द्या. आता मी काय कमी केलं होतं? प्रत्येक लग्नात गॅलरीत उभं राहून त्या कार्यालयवाल्याला सुनावलं. बँड वाजत असताना सुनावलं आणि थांबल्यावरही सुनावलं. पण असल्या लोकांच्या कानात काही शिरत नाही.

मग सुरू झाली फ्लॅट बघण्याची वणवण. एका अपार्टमेंटच्या गेटवर पोरांनी मोटारसायकलच्या सीटवर केक ठेवून कुणाचा तरी वाढदिवस मांडला होता. निम्मा केक तोंडाला फासलेला, वर फटाके. बापाच्या पैशावर भाऊ झालेले सगळे. मी त्यांना तिथेच चार शब्द ऐकवले, तर त्यातला एक कार्टा मलाच म्हणाला, काका, हळू बोला, वर आजोबा आजारी आहेत. दुसरीकडे एक मास्तर हॉलमध्ये शिकवणी घेत होता, म्हणजे पोरं पाढे ओरडत होती आणि हा मोबाइल बघत बसला होता. त्याच्या पुढच्या इमारतीत लिफ्टच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि जिन्यात दोन बायका तू माझ्या दारात केर लोटलास म्हणून एकमेकींचं माहेर काढत होत्या. माणसं चढली दुसऱ्या मजल्यावर, पण अक्कल खालीच राहिली. मी सगळं नापास केलं.

शेवटी मेहकर रोडला शरयूताईंचा फ्लॅट मिळाला. शरयूताई म्हणजे निवृत्त शिक्षिका, मुलाकडे राहायला निघालेल्या. पहिला मजला, मागे शेत, पुढे मोकळी जागा. मी गच्ची, जिना, पाण्याची मोटर तपासायला गेलो होतो तेवढ्यात सत्यभामा तिथल्या हॉलमध्ये बसल्या बसल्या झोपली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. मी परत आल्यावर दचकून उठली आणि म्हणाली, "हाच घ्या. मले इथं बरं वाटलं." लग्नाच्या साड्यांतसुद्धा तिनं कधी स्वतःची पसंती सांगितली नव्हती. त्यामुळे मीही मनावर घेतलं. रोहिणखेडचं एक गिऱ्हाईक आधीच मागे लागलेलं होतं, तरी शरयूताई म्हणाल्या, तुमच्या मंडळींना आवडलंय तर आधी तुमचं बघू.

पण आवडलं म्हणून घेईन तो मी कसला. प्रश्न वरच्या मजल्याचा होता. डोक्यावर राहत होते कारभारी, सोसायटीचे अध्यक्ष, मूळचे सोनाळ्याचे, आमच्यातलेच. बायको रुक्मिणीबाई आणि लग्नाचा मुलगा हर्षल. अध्यक्ष या जातीवर माझा विश्वास नाही. ज्याला घरात कोणी विचारत नाही तो सोसायटीत अध्यक्ष होतो. म्हणून मी कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला जाऊन जिन्यात उभा राहायचो, भिंतीला कान लावायचो. एकदा तर रुक्मिणीबाईंना विनंती केली की तुम्ही वर खुर्च्या ओढा, मी खालून ऐकतो. मग मी शरयूताईंच्या हॉलमधून ओरडून सांगत होतो, आता खुर्ची ओढा, आता मिक्सर लावा, आता पळा. बाईंनी एकदा खुर्ची ओढली आणि गॅसवर दूध आहे म्हणून दार लावून घेतलं. बायकांना शास्त्रीय काम समजत नाही.

तरी खरी चौकशी राहिलीच होती. आमच्याकडे माणसाचं माप तो राहतो तिथे कळत नाही, त्याच्या गावात कळतं. सोनाळ्याला माझे साडू आहेत. त्यांना फोन लावला आणि मुद्देसूद विचारलं: कारभाऱ्याच्या घरात कटकट आहे का, मुलगा पितो का, त्याचे मित्र कसले, आई तोंडाची कशी आहे, भाऊबंदकी, पोलीसपाटलापर्यंत गेलेलं काही. साडू म्हणाले, काऊन विचारून राह्यले. मी म्हटलं, सध्या कुठं बोलू नका. फ्लॅटचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, कारण अशा गोष्टी फुटल्या की भाव वाढतो. साडूंनी आठवड्याभरात कळवलं, माणसं सोन्यासारखी, पोरगा निर्व्यसनी, वीज कंपनीत कायम.

त्यानंतर मी जिन्यात दिसलो की कारभारी मला वर बोलवायला लागले. चांगली खुर्ची, तिच्यावर नवीन टॉवेल, पोहे, वर खोबरं. हर्षल येऊन पाया पडला. मी त्याला तुमच्या पिढीत काय काय बिघडलं आहे ते तासभर समजावलं, त्यानं मान खाली घालून ऐकलं. चांगल्या माणसाची जरब आपोआप बसते, दुसरं काय. रुक्मिणीबाईंनी माझी मुलगी काय करते विचारलं. मी सांगितलं, प्राची अकोल्याला लॅबमध्ये असते, तिचं बघायचं आहे पण आम्हाला घाई नाही.

एका रविवारी इसार द्यायला मी आणि सत्यभामा शरयूताईंकडे गेलो. ती सकाळपासून खूश होती, डोक्याला फडकंही नव्हतं. पडद्यांचा रंग कोणता घ्यायचा ते तिनं रिक्षात दोनदा विचारलं. आत कारभारी आणि रुक्मिणीबाई आधीच बसलेले. मला वाटलं साक्षीला आले असतील.

कारभाऱ्यांनी घसा साफ केला. "नारायणराव, आदी पोरीचं बोलून घेऊ. पोरगी आमाले पसंत होती. पण हे जमत नाही. राग मानू नका."

"कोणती पोरगी?"

"तुमची प्राची. तुमी हर्षलची चौकशी करून राह्यले, असं सोनाळ्याहून कळलं ना आमाले."

मला आधी समजेना आणि समजलं तेव्हा हसू आवरेना. पोरगा पितो का आणि आई तोंडाची कशी, एवढं विचारलं की पोरगी द्यायची, यापलीकडे या लोकांच्या डोक्याची धावच नाही. ते पोहे, तो टॉवेल, ते पाया पडणं, सगळं त्यासाठी होतं तर. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी आवाजाची चौकशी करत होतो, जावयाची नाही. आणि माझी मुलगी काही रस्त्यावर पडलेली नाही की मी तिच्यासाठी जिन्यात ताटकळत उभा राहीन. कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. उतरू दे म्हटलं.

रुक्मिणीबाई मात्र तशाच बसून होत्या. म्हणाल्या, "मंग सोयरिकीचं मिटलं. पण ज्याच्यापायी आमी नाही म्हटलं, ते फ्लॅटलेही लागू हाय."

"काय ते?"

"आवाज."

मी म्हटलं, कुणाचा आवाज? तेव्हा त्यांनी सांगितलं. मुलीकडच्यांनी चौकशी चालवली म्हटल्यावर त्यांनीही रीतीप्रमाणे आमच्या घराची केली होती. गल्लीत विचारलं, मंगल कार्यालयात विचारलं. कार्यालयवाला म्हणे सांगत होता की मंगलाष्टकं चालू असली तरी गॅलरीतून माझं चालूच असतं, वऱ्हाडी भटजीचं सोडून माझंच ऐकत बसतात. ज्याच्या डीजेनं माझी बायको आजारी पडली तो माझ्याबद्दल साक्ष देणार आणि ही माणसं ती खरी मानणार. मी हे बोलून दाखवलं, जरा खणखणीतच.

"लोकाच्या बोलण्यावर आमी गेलो नसतो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पण घरातल्याच माणसानं सांगतलं."

मी विचारलं, कोणी? 

सत्यभामा म्हणाली, "मी सांगतलं."

ती माझ्याकडे बघत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "या बाई देवळात भेटल्या. घरातलं वातावरण कसं हाय म्हणे. मले वाटलं तुमीच पोरीचं ठरवून राह्यले. तुमी मले कुठं काही सांगता? सोयरिकीत खोटं बोलू नये. म्हणून सांगतलं, आमच्या घरी उजाडल्यापासून एकच माणूस बोलते आन् बाकीचे ऐकतात. पोरगी म्हणूनच अकोल्याले राह्यते."

शरयूताई हळूच म्हणाल्या की वरच्या लोकांसोबत त्यांनी सगळी वर्षं काढली, जाताना त्यांच्याशी वाकडं घ्यायचं नाही. फ्लॅट त्या रोहिणखेडच्या माणसाला देतील. सत्यभामेनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. एवढा हवा असलेला फ्लॅट तिनंच घालवला होता, खरं बोलून, आणि कुणी विचारलंही नव्हतं एवढं खरं.

माझा संताप झाला. मी म्हटलं, अगं, कोणासाठी वणवण फिरलो मी? तुझ्याच डोक्यासाठी ना? त्या बँडनं तुझी झोप गेली म्हणूनच ना हे सगळं?

"बँडचा मले कधीच तरास नव्हता," ती म्हणाली. "बँड वाजते तवा तुमचं ऐकू येत नाही. तेवढ्यातच माझा डोळा लागते."

मी बोलायला तोंड उघडलं. रुक्मिणीबाई चटकन उठल्या आणि त्यांनी जिन्याकडचं दार लावून घेतलं, मग खिडक्याही.