वडिलांनी पाणी घालावे

न्हाणीतला तांब्या कलंडला, फरशीवर गरगर फिरला आणि भिंतीला आपटून थांबला. सकाळपासून त्या घरात कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेतला नव्हता. पाच वर्षांची क्षमा भेदरून दारात उभी राहिली.

"मी मुद्दाम नाही पाडला."

"असू दे गं राणी, ये इकडं."

सुहासिनीच्या मांडीवर धुवट धडप्यात गुंडाळलेला उल्हास होता. दोन महिन्यांचा. सकाळी आकडी आली आणि तासाभरात सगळं संपलं. त्याचं जावळ अजून ओलसर होतं. शेवटी शेवटी त्याचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा तिनंच त्याच तांब्यातलं पाणी तीनदा कपाळावर घालून पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं त्याचा बाप्तिस्मा केला होता. पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं, जीव जायला आला तर कुणीही घालावं. पण लग्न होऊन ती आष्ट्याच्या या मंडळीत, इथल्या ख्रिस्ती समाजात, आली होती, आणि इथली रीत वेगळी होती.

मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, सभेला साताऱ्यास गेलेले. लढाईमुळं पेट्रोल नाही. कोळशाच्या गॅसवरची सर्व्हिस मोटार येईल तेव्हा खरी. म्हणून ओसरीवर केरबा बसले होते. मंडळीचा कारभार बघणाऱ्या जाणत्यांना 'वडील' म्हणत, आणि केरबा त्यांतले थोरले. हातात मंडळीची नियमांची पिवळी पुस्तिका. शेजारी सुहासिनीचा नवरा मधुकर, शाळामास्तर, मान खाली घालून.

"वैनी, बाप्तिस्मा न झालेलं लेकरू कबरस्तानाच्या कुंपणाभाईर ठेवायचं, असं हाय बगा. मी न्हाई लिवलेलं."

"झालाय बाप्तिस्मा. मी केलाय."

"तुमाला अधिकार न्हाई, वैनी. ते काम पाळकाचं. पैल्यापास्नं तसंच हाय."

"पहिल्यापासून नाही, केरबाकाका." नवऱ्याच्या पेटीतलं मंडळीच्या इतिहासाचं जाडं पुस्तक तिनं बाळाला पाजता पाजता वाचलं होतं. "आधी पाळकच नव्हते. विधवांच्या पंगतीत वाढायला माणसं हवी होती, म्हणून सात सेवक नेमले. मग वडील आले. पुढं त्यांच्यातलाच एक अध्यक्ष झाला. बायकाही सेविका होत्या. अहो, थडगी खणणाऱ्यालासुद्धा मंडळीत हुद्दा होता! जशी नड, तसं पद. आज नड माझ्या घरात होती."

"लय शिकलेल्या हायसा," केरबा म्हणाले. टोमणा होता, पण त्याला धार नव्हती. सकाळी त्यांनीही बाळाचे पाय हातात धरून पाहिले होते. त्यांनी चष्मा वर सारला, पुस्तिका लांब धरून एक एक अक्षर लावलं. "हितं हाय. 'पाळक गैरहजर असून बालक अत्यवस्थ असल्यास वडिलांनी पाणी घालावे.' वडिलांनी. म्हंजे आमी."

सुहासिनी दचकली.

"आणि बाळाचे वडील म्हणायचं असलं तर?"

केरबांनी ओळ पुन्हा वाचली, पान उलटलं, परत आणलं. ज्यानं हे लिहिलं तो केव्हाच मातीत गेला होता.

"आयला, तसंबी निगतंय की," ते पुटपुटले. मग गुडघ्यावर हात ठेवून मधुकरकडं वळले. आवाज इतका मऊ केला की सुहासिनीला त्यातली वाट दिसली. "मास्तर, नीट आठवून सांगा. पाणी कुणी घातलं? तुमीबी व्हता न्हवं तिथं? हात लावला असंल तुमी. वाईच लावला असला तरी बास हाय."

'हो म्हणा,' तिनं मनात म्हटलं. 'एवढं एकच खोटं बोला.'

मधुकरनं मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"मी ती ओळ सकाळीच वाचली, केरबाकाका. बाळ तडफडत होतं आणि मी पुस्तिका बघत होतो. मला वाटलं, वडील म्हणजे तुम्ही. मी धावत तुमच्या मळ्यात आलो. तुम्ही उसाला पाणी पाजत होता."

"व्हय," केरबा म्हणाले. "व्हय, आला व्हतासा."

त्यांनी पुस्तिका मिटून बंडीच्या खिशात घातली.

"आई असं कुठं न्हाईच लिवलेलं, वैनी," ते शेवटी म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत उठले. "कुदळ मी आणतो. खड्डा मीच काडतो."

दिवस मावळायच्या आत उल्हासला कुंपणाबाहेर, घायपाताच्या ओळीलगत ठेवलं. आतल्या बाजूला नावांचे दगड होते. इकडं नुसती माती. प्रार्थना झाली नाही. मधुकर दहा पावलं दूर उभा राहिला, जवळ आलाच नाही.

क्षमानं आईचा पदर ओढला. ओसरीवरचं सगळं बोलणं तिनं दाराआडून ऐकलं होतं.

"आई, बाबा उल्हासचे वडील नव्हते का?"