शिंगराचं सासर

साडू महिपतीने खांब गावी आपल्या दारात जीप उभी केली, आणि इकडे वरसेत हैबतरावांच्या डोक्यात घोडा शिरला. जीपला जीप हे उत्तर सामान्य माणसाचं. आपण सामान्य नाही, असं हैबतरावांचं ठाम मत होतं. त्याला दुजोरा देणारं गावात अजून कुणी सापडलं नव्हतं, एवढंच.

गिरजाबाईंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याची बरीच खुळं पाहिली होती. एकदा द्राक्षं लावली होती, एकदा मधमाश्या पाळल्या होत्या. मधमाश्या आठवड्याच्या आतच पळाल्या. शहाण्या होत्या. त्यामुळे घोडा म्हटल्यावर बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं आणि तांदूळ निवडणं चालू ठेवलं.

खरं तर तो घोडा नव्हताच. पेणच्या इझिकेलकाकांच्या टांग्याच्या घोडीचं ते शिंगरू होतं, नुकतंच दूध तुटलेलं. रोह्यापर्यंत रेल्वे आली, गावोगाव रिक्षा झाल्या, टांग्याला कुणी विचारीना. काकांची मुलं तर केव्हाच इस्रायलला गेलेली. दोन-दोन जनावरं सांभाळणं आता काकांना झेपत नव्हतं, म्हणून ते शिंगरू द्यायला तयार होते.

तयारीला लागायचं म्हणून हैबतराव आधी स्वतःच्या तयारीला लागले. मुंबईहून खोगीर आलं, गुडघ्यापर्यंतचे बूट आले. खोगीर ओटीवरच्या बाकाला आवळून ते रोज सकाळी त्यावर मांड ठोकून चहा घेऊ लागले. येत्या दसऱ्याला पालखीच्या पुढे घोड्यावरून जाणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

"वर्षाच्या आतल्या पाड्याच्या मानेवर कुनी जू ठेवतं काय वो?" गिरजाबाईंनी एकदा सहज विचारलं.

"पाडा येगळा, घोडा येगळा. तुला काय कळतंय गो त्यातलं?"

बाईंना त्यातलं काय कळत होतं ते बाईंनी सांगितलं नाही. बाक मोडायची वाट बघत त्या चहा देत राहिल्या.

मग तबेला उठला. चिऱ्यांच्या भिंती, खाली न्हाणीघरात बसवतात तशा पांढऱ्या गुळगुळीत लाद्या, समोर माणसाएवढा आरसा.

"आरसा कशापाय?"

"जनावराला आपला रुबाब कळाया नको?"

वर पंखाही लागला. स्वयंपाकघरात चुलीपुढे पंखा नव्हता. हे बाईंनी डोक्यात नीट ठेवून दिलं.

इथवर सगळं करमणुकीचं होतं. पण एका दुपारी बुटांना तेल चोळता चोळता हैबतराव म्हणाले, "ती भुरी महिपतीकडं धाडूया. घोड्याच्या शेजारी म्हैस बरी दिसत नाय."

भुरी ही गिरजाबाईंची म्हैस. माहेराहून पारडी म्हणून आलेली, बाईंच्या हातची वाढलेली, बाईंखेरीज कुणाला धार न देणारी. ती जायची कुठे, तर धाकट्या बहिणीच्या दारात. बहिणीकडे जीप होतीच. आता वर म्हैसही.

"बरं," गिरजाबाई म्हणाल्या. पण या वेळी तांदूळ बाजूला ठेवले.

इझिकेलकाकांची अट होती की आधी जागा बघणार, मगच पिल्लू देणार. "पोरगी द्यायच्या आधी घर बघतात ना? तसंच," त्यांनी पेणहून निरोप धाडला होता. हैबतरावांनी भटजींना विचारून शनिवारचा मुहूर्त कळवला. काकांचं उत्तर आलं, "शनिवार आमचा शब्बाथ, जनावराला पण सुट्टी देतो. मुहूर्त तुमचा तुमच्यापाशी ठेवा. मी रविवारी येतो."

रविवारी सकाळी भुरीला न्यायला टेंपो यायचा होता, पाहुण्यांच्या नजरेला म्हैस पडू नये म्हणून. गिरजाबाईंनी बहिणीला परस्पर कळवलं, "दिवेलागणीला या." तिन्हीसांजेला घरातली लक्ष्मी कुणी बाहेर काढत नाही. म्हणजे निदान तो दिवस तरी पदरात पडला.

इझिकेलकाका आले. काळी टोपी, हातात काठी. हैबतराव बूट घालूनच सामोरे गेले. काकांनी आधी बूट पाहिले, मग बाकावरचं खोगीर पाहिलं.

"हे कुनासाठी?"

"दसऱ्याला बसनार ना!"

"कुनावर? बाकावर बसा. पिल्लावर तीन वर्षं कुनी बसायचं नाय."

हैबतरावांच्या मिशीचं एक टोक खाली आलं. काकांनी तबेल्यातल्या लादीवर काठी टेकली. ती सुर्रकन घसरली. "इथं त्याचे पाय मोडतील," ते म्हणाले. आरशात बघून त्यांनी नुसती टोपी सारखी केली, आणि हैबतरावांना तेच जास्त लागलं.

"आणि सोबत कोन? आईपासून तोडल्यावर पिल्लू एकटं राहत नाय. रडून रडून जीव टाकतं."

"मी हाय की!" हैबतरावांनी छाती काढली.

काकांनी त्यांना मिशीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "नाय चालनार," ते म्हणाले. "जनावर पायजे."

एवढ्यात गोठ्यातून भुरीने रेकून आपण असल्याचं कळवलं. काका आत गेले. चोपलेली कोरडी जमीन, स्वच्छ पेंढा, आणि मध्ये रवंथ करणारी भुरी. त्यांनी तिच्या मानेवर हात फिरवला. तिने एक कान हलवला.

"ही कुनाची?"

"माजी," गिरजाबाई म्हणाल्या. "पन आज खांबला चालली. यांच्या साडूंकडं."

"मग वहिनी, पिल्लू पन खांबलाच देतो. म्हैस गरीब हाय, तिच्यापाशी राहील."

हैबतराव खांबासारखे ताठ झाले. "खांबला? महिपतीच्या दारात? जीपच्या बाजूला?"

"तुमची मर्जी. म्हैस जिथं, पिल्लू तिथं."

दिवेलागणीला महिपती टेंपो घेऊन आला, तेव्हा हैबतराव गोठ्याच्या दारात हात पसरून उभे होते. "म्हैस मिळायची नाय!" ते गरजले. "या घराची लक्ष्मी हाय ती!"

"अवो, तुमीच बोलावलंत ना मला?" महिपती चक्रावला.

"घ्या, चहा घ्या," गिरजाबाई त्याला म्हणाल्या. "भुरीच्या दुधाचा हाय."

दुसऱ्या दिवशी पंखा स्वयंपाकघरात लागला. बाकावरचं खोगीर तबेल्यात गेलं, त्याच्यामागून हैबतरावही गेले, आणि आरशापुढे बसून पालखीला पायी जायच्या कारणांचा विचार करू लागले.

मंगळवारी शिंगरू आलं. टेंपोतून उतरलं, हैबतरावांच्या पसरलेल्या हाताजवळ गेलं, हुंगलं, जोरात शिंकलं, आणि वळून सरळ गोठ्यात भुरीच्या पोटाशी जाऊन उभं राहिलं.

"शहाणं हाय," गिरजाबाई म्हणाल्या, आणि धारेची कासंडी आणायला आत गेल्या.