एकतीस नंबरची पाचर

प्लेटमध्ये शहाण्णव खळगे होते. कडेच्या छत्तीस खळग्यांत नुसतं मिठाचं द्रावण होतं, कारण कडेचा द्रव लवकर उडतो आणि आकडे बिघडवतो. मधल्या साठांत माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या निरोगी पेशी होत्या. त्यांतल्या सहांत काहीच घालायचं नव्हतं, सहांत फक्त विद्रावक आणि सहांत बाजारात मिळणारं जुनं औषध. उरलेल्या बेचाळीस खळग्यांत एकतीस नंबरचा रेणू जायचा होता, चौदा वेगवेगळ्या मात्रांत, प्रत्येक मात्रेला तीन खळगे.

दिशा नवव्या मात्रेवर होती, तेव्हा एप्रनच्या खिशातला फोन थरथरला. तिनं तो वाजू दिला. मात्रा संपल्यावर हातमोजे काढून पाहिलं, तर आईचे तीन मिस्ड कॉल. तिनं उलट फोन लावला.

"आगं, आलो आमी दवाखान्यातनं माघारी," चतुराबाई म्हणाली. "आबांनी सही केलीच न्हाय. डाक्टरला म्हनले, माजी पोरगी औषध काढतीया, तवर थांबतो."

"माझं औषध?"

"मग कुनाचं? तूच ये आन् सांग त्यास्नी. माज्यानं आता हुईना."

दिशानं उरलेल्या पाच मात्रा घातल्या, प्लेट उबवणयंत्रात ठेवली आणि झाकणावर वार लिहिला, शनिवार. मोजणी सोमवारी.

बारामतीच्या कॉलेजातल्या या प्रयोगशाळेत ती दोन वर्षं एकच काम करत होती. लहान रेणू तपासायचे. इतके लहान, की गोळी करून गिळले तर रक्तातून पेशीच्या आत शिरतील आणि तिथं बिघडलेलं एखादं प्रथिन बंद पाडतील. तीस रेणूंनी काहीच केलं नव्हतं. एकतिसाव्यानं कॅन्सरच्या पेशी मारल्या. पण निरोगी पेशींना तो काय करतो हे पाहिल्याशिवाय त्या निकालाला अर्थ नव्हता.

गंगारामला, म्हणजे तिच्या वडिलांना, आबांना, श्रावणात गुदाशयाचा कॅन्सर निघाला होता. त्याआधी वर्षभर रक्त पडत होतं. ते मूळव्याध समजून ताक पीत राहिले. गाठ अगदी खाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "अजून आतड्याबाहेर गेलेली नाही. लवकर काढू. शौचाची वाट पोटावर काढून कायमची पिशवी लावावी लागेल, पण माणूस वाचेल. यकृतात गेली, तर मग मी असं बोलू शकणार नाही."

आबा तेव्हा म्हणाले होते, "वर्षावास हाय. आश्विन पुनवेपस्तोर वाचन माज्याकडं हाय. त्यानंतर बघू." निरवांगीच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले आणि वाचायला आबाच बसत. चष्मा नाकावर ओढून, प्रत्येक शब्द सुटा करून. आश्विन पौर्णिमा होऊन महिना झाला होता.

वालचंदनगरमार्गे जाणारी एसटी उसाच्या गाड्यांमागं रखडत संध्याकाळी निरवांगीला पोचली. स्टँडसमोर फ्लेक्स अजून होता. उन्हानं निळा रंग उडाला होता, तरी दिशाचा पासपोर्ट फोटो ओळखू येत होता. 'कॅन्सरवरील औषधाच्या संशोधिका, आमच्या गावची सुकन्या.' तिला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा चुलतभाऊ संघपालनं तो लावला होता. त्याचं मोबाईलचं दुकान समोरच होतं.

"जय भीम, शास्त्रज्ञ बाई!" त्यानं दुकानातूनच हाक मारली. "काय, औषध आनलं का पिशवीत?"

"संघपालदादा, हा फ्लेक्स उतरव."

"का? फोटो चांगला आला न्हाय व्हय?"

"आबांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलंय. ह्या फ्लेक्सवर भरोसा ठेवून."

संघपालच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो म्हणाला, "आयला... मला वाटलं म्हातारा गमतीनं म्हनतोय. रोज ये-जा करताना हितं उभा राहून वाचायचा गं." मग स्टूल घेऊन तो बाहेर आला.

आबा अंगणातल्या बाजेवर कुशीवर पडले होते. सरळ बसणं त्यांनी सोडलं होतं. आयुष्यभर ते नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. फाट्याची दारं उघडायची, बंद करायची, पाळीप्रमाणं पाणी द्यायचं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाच्या शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी रस्त्यानं जाताना चारीतलं पाणी बघून ते "आज सोडलंय जनू" असं म्हणत.

"आलीस? च्या घे," ते म्हणाले. "एकतीस नंबरचं काय झालं?"

नंबर त्यांच्या लक्षात होता. दिशा बाजेच्या कडेला बसली.

"आबा, तुम्हाला पाणी बंद न होणारं दार माहितीय ना?"

"लय. दगड अडकला की दार बसत न्हाय. रानं उपळून जात्यात."

"कॅन्सरच्या पेशीत तसंच असतं. वाढ हो, वाढ हो, असा निरोप देणारं दार उघडंच अडकतं. आम्ही त्याला बसणारी पाचर शोधतोय. एवढीशी."

"मंग घावली की. एकतीस नंबर."

"त्या दाराला बसली. पण तीच पाचर दुसऱ्या चांगल्या दारांना पण बसली, तर?"

आबा म्हणाले, "तर समद्या शिवाराचं पानी बंद."

"तेच बघायचंय. सोमवारी कळंल. आणि नाही बसली तरी लगेच गोळी नाही होत. उंदरांवर, मग माणसांवर. दहा वर्षं, पंधरा वर्षं. ह्यातली बहुतेक औषधं तिथपर्यंत पोचतच नाहीत."

"धरनातनं पानी सुटलं मंजी टेलला पोचतंच. उशीर हुतो."

"आबा, हे पाणी अजून धरणातच आलेलं नाही."

चतुराबाई चहाचे कप घेऊन आली आणि उभीच राहिली. "आयका जरा. पोरगी शिकल्याली हाय."

"तू गप. तुज्या पोटावर पिशवी लावत्यात का?" आबा दुसऱ्या कुशीवर वळायचा प्रयत्न करत म्हणाले. "पोरी, विहारात मी फुडं बसनार. वास आला तर लोकं मागं सरकत्याल. कुनी बोलनार न्हाय. नुसतं मागं सरकत्याल." त्यांनी कप घेतला नाही. "त्यापरीस तुजं एकतीस नंबर मला आनून दे. मी पितो."

"नाही आबा."

"का? तुज्या त्या खळग्यांपेक्षा मी बरा की. बोलून तरी सांगीन काय हुतंय ते."

दिशाला हसू आलं. आबाही हसले. मग म्हणाले, "बरं. सोमवारी तुजी पाचर पास झाली, तर मी थांबनार. नापास झाली, तर जिकडं म्हनशील तिकडं येतो. बोल, कबूल?"

पास झाली तरी काहीच बदलत नाही, हे तिनं आत्ताच सांगितलं होतं. पण त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा यायची तयारी दाखवली होती. "कबूल," ती म्हणाली.

भाकरी करताना चतुराबाईनं पिठाचे हात न धुताच तिला जवळ ओढलं. "आत्ताच जाऊन सांग, नापास झालं. फोन आला म्हन. कुनाला कळतंय?"

"आई, मशीन लावलीच नाही अजून."

"मग काय झालं? बाप मोठा का मशीन मोठी?"

दिशाला दोन दिवसांचा उशीर नको होता आणि खोटंही नको होतं. "सोमवारी काहीही आलं तरी त्यांना घेऊन जाईन," ती म्हणाली. चतुराबाई पुन्हा भाकरी थापायला लागली. थापा जरा जोरात पडत होत्या.

सोमवारी सकाळी दिशानं प्लेट बाहेर काढली आणि पिवळं द्रावण घातलं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. मेलेल्या पेशींत ते पिवळंच राहतं. वाट बघताना तिच्या लक्षात आलं, की आपण मेलेल्या पेशी मागतो आहोत. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला एक रेणू वाया जायला हवा होता.

मोठ्या मात्रांचे खळगे पिवळे राहिले. मधल्या मात्रांचेही. मशीननं आकडे दिले. निम्म्या पेशी मारायला कॅन्सरमध्ये जेवढी मात्रा लागली होती, जवळपास तेवढ्याच मात्रेत निरोगी पेशीही मेल्या होत्या.

मार्गदर्शक सुप्रिया मॅडम तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडं पाहत होत्या. "विषारी आहे. सगळ्यांनाच मारतो. सोड हा, बत्तीस घे." मग तिचा चेहरा पाहून म्हणाल्या, "अगं, असंच होतं. मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही मॅडम. मला हेच हवं होतं," दिशा म्हणाली आणि रडायला लागली. मॅडमना काही समजलं नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली.

तिनं फोन लावला. "आबा, सगळ्या दारांना बसली."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"समद्या?"

"सगळ्या."

"खरं सांगतीयास न्हवं? आयनं शिकीवलं न्हाय?"

"खरं, आबा."

"बरं," ते म्हणाले. "संघपालला गाडी सांग. मागची शीट आडवी करायला लाव म्हनावं, मला बसवत न्हाय."

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख देण्याआधी नवा स्कॅन सांगितला. जुना श्रावणातला होता. आबांनी स्वच्छ पांढरा सदरा घातला होता. पिशवी दाखवायला आलेल्या नर्सला त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, ही लावून मांडी घालता येती का?" ती म्हणाली, "येते की आजोबा. खोदकामासारखं जड काम सोडून सगळं करता येतं." "ते आमी कवाच सोडलं," ते म्हणाले. मग त्यांनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि तिची कड बोटानं चाचपली.

दुपारी नव्या स्कॅनच्या रिपोर्टचं पाकीट मिळालं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, यायला वेळ होता. आई चहा आणायला गेली होती. दिशानं पाकीट उघडलं, पहिलं पान वाचलं आणि घडी घालायला लागली.

"वाच," आबा म्हणाले.

"इंग्रजीत आहे, आबा. डॉक्टर आल्यावर..."

"मराठीत वाच. जे हाय ते वाच."

त्यांनी बाकावर हात टेकून स्वतःला वर घेतलं, एका बाजूला कलून का होईना पण बसले, आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

दिशानं घडी उलगडली.

"यकृत, उजवा भाग. दोन गाठी. मोठी अठ्ठावीस मिलीमीटर. लहान अकरा."