उलटं घड्याळ

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक तळं समोर आणा. लहानसं नको, चांगलं ऐसपैस, पलीकडच्या काठावरचा माणूस बोटाएवढा दिसेल असं. त्याच्या कडेने एक वाट आखा. गोल आणि सपाट, कुठे चढ नाही की उतार नाही. जिथून निघालात तिथेच परत याल. पाण्यात पाणकोंबड्या सोडा. मागे उंच इमारती उभ्या करा, कारण हे तळं बेंगळुरूतलं आहे, एचएसआर लेआउट नावाच्या वस्तीच्या बाजूचं. आता त्या वाटेवर दहा वर्षांची सिद्धी चालू द्या, आणि तिच्या शेजारी तिचे बाबा, विलास.

ही मंडळी जूनमध्ये पुण्याहून इकडे राहायला आली. सिद्धीला कानडी येत नव्हतं. वर्गात मुलं आपापसांत बोलून हसली की तिला वाटे, आपल्यालाच हसताहेत. घरी येऊन ती रडायची. तिला हसवायला बाबांनीच एक खेळ काढला.

"त्यांच्याकडे त्यांची भाषा आहे ना, आपल्याकडे आपली," ते म्हणाले. "तळ्यावर आपण काहीही बोललो तरी कुणाला कळणार आहे?"

मग काय, दर रविवारी सकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवणं सुरू झालं. तेही दबक्या आवाजात नाही, खणखणीत. नाकाने शिट्टी वाजवत धावणारे काका म्हणजे 'कुकर'. फोनवर अखंड बोलत चालणारी ताई म्हणजे 'आकाशवाणी'. आणि सगळ्यांत आवडतं नाव होतं 'उलटं घड्याळ'.

त्या तळ्यावर पाणी उजव्या हाताला ठेवून चालायचं, असा नियम होता. तशा बाणांची पाटीही होती. एक म्हातारी मात्र नेहमी उलट दिशेने यायची. नऊवारी लुगडं, वर पुरुषी स्वेटर आणि पायांत भलेमोठे पांढरे बूट. ते निसटू नयेत म्हणून नाड्या घोट्याला गुंडाळलेल्या. फाटकावरचा पहारेकरी मंजुनाथ शिट्टी वाजवून तिला बाण दाखवायचा. ती कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणायची आणि तशीच पुढे जायची. सिद्धीजवळून जाताना दर वेळी हसायची. का हसते, हा प्रश्न सिद्धीला कधी पडला नाही.

त्या रविवारी दोघं फाटकातून आत शिरून थोडी पुढे गेली, तोच समोरून ती आली.

"बाबा, उलटं घड्याळ आलं बघ," सिद्धी म्हणाली. "नवऱ्याचे बूट पळवलेत तिने. आजोबा बिचारे घरी अनवाणी बसले असतील."

बाबा इतके हसले की त्यांच्या हातातली पाण्याची बाटली सुटली आणि गडगडत थेट त्या बुटांपाशी जाऊन थांबली. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून हळूहळू वाकली. बाटली उचलून तिने बाबांच्या हातात दिली.

"धरा," ती म्हणाली. "टोपण घट्ट लावा. सांडायलंय."

आणि गेली. त्या दिवशी ती हसली नाही.

सिद्धीचे कान तापले. तिच्या डोक्यात एकेक रविवार उलगडू लागला. कासव शर्यतीला निघालं, असं आपण म्हणालो होतो. चावी द्यायला हवी, असंही. ते सगळं त्या म्हातारीला कळत होतं.

"बाबा, तिला मराठी येतं."

"हो," बाबा म्हणाले. ते टोपण लावत होते. ते केव्हाच लागलेलं होतं. "निपाणी-बेळगावकडची असेल. इकडे असतात तशी माणसं. माझ्या लक्षातच आलं नाही."

दोघं चालत राहिली. कुकर काका शिट्टी वाजवत मागून पुढे गेले, पण त्यांच्याकडे बघायचीही सिद्धीला लाज वाटली. गोल वाटेचं एक असतं, बाळांनो. समोरून आलेला माणूस टळत नाही. तुम्ही पाऊण फेरी मारता, तो पाव मारतो, आणि पुन्हा समोरासमोर.

पंपघराजवळ एक लहान दार होतं. बाबा तिथे थांबले.

"इथूनच बाहेर पडू. रिक्षाने जाऊ घरी."

"का?"

बाबा मोबाइलवर रिक्षा शोधू लागले. बाबांनाही म्हातारीच्या समोर जायचं नाही, हे सिद्धीला दिसलं. खेळ बाबांचा होता, पण बुटांचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. ते बाबांच्या नावावर टाकता येत नव्हतं.

"तू थांब इथे," ती म्हणाली, आणि एकटीच पुढे निघाली.

वळणावर ते बूट दिसले. मनात जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"आजी, मी तुम्हाला उलटं घड्याळ म्हणायचे."

"ऐकलंय की. पाच रविवार झाले." म्हातारीने तिला नीट न्याहाळलं. "आमच्या घरी नातवंडं आता मराठी बोलत न्हाईत. तुमचं कानावर पडतंय म्हणून रविवार चुकवत नव्हते मी. काय का बोलेनात."

सिद्धीने मान खाली घातली. खाली तेच बूट होते.

"आणि घरी अनवाणी कोण बसलेलं न्हाई, बाळ. गेल्या वर्षी वारले ते."

"चुकलं माझं" हे शब्द सिद्धीच्या तोंडातून निघाले, पण ते तिला स्वतःलाच फार छोटे वाटले. म्हातारीने ते धुडकावलेही नाहीत आणि "असू दे" असंही म्हटलं नाही.

"तुम्ही उलट्या का चालता?" सिद्धीने हळूच विचारलं.

"सुलटं चाललं की समोर नुसत्या पाठी. असं चाललं की तोंडं दिसतात माणसांची." एवढं बोलून ती पुढे निघाली.

सिद्धी वळली आणि पाणी डाव्या हाताला ठेवून त्या मोठ्या बुटांच्या चालीने आजीच्या शेजारून चालू लागली. समोरून आकाशवाणी येत होती. त्या ताईच्या मागे, पंपघरापाशी, बाबा उभे होते. सिद्धीने मान वर ठेवली आणि तशीच चालत राहिली.