चतुराबाईचं पाणी

मोट वर आली ती रिकामी. तळ फाटून सगळं पाणी परत विहिरीत कोसळल्याचा आवाज चतुराबाईने धावेच्या उतारावरूनच ऐकला आणि बैल थांबवले.

विहीर तिघांची, मोटही तिघांची. पाण्याची पाळी तेवढी ज्याची त्याची. रिवाज असा, की जुंपण्याआधी मोटेवरून बोट फिरवायचं. खोट सापडली तर आधीच्याने भरायची; एकदा बैल जुंपले, की पुढचं नुकसान जुंपणाऱ्याचं. रिवाज समजायला सोपा होता आणि पाळायला महाग.

आधीची पाळी भिमाजीची. तो धावत आला. तिच्या मेलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. पण नातं तो सणावारीच वापरी.

"वहिनी, सकाळी दिली तवा धड व्हती ना?"

मागोमाग तिसरा वाटेकरी इब्राहिम आला. त्याने चामडं उलटंपालटं केलं. फाटलेल्या कडेला सुतळीचे ताजे टाके होते, वर तेल-काजळी चोपडलेली.

"हे कुणाचे रे?"

"जुने असतील. तुमच्या पाळीतले बी असतील, भाई."

खर्च आपल्याही दारात येतोय म्हटल्यावर इब्राहिमचा आवाज उतरला. "चतुरा, बोट फिरवलं व्हतंस का?"

फिरवलं होतं. टाके बोटाला टोचलेही होते. पण बोलली असती, तर मोट येवल्याला शिवायला गेली असती आणि पाळी हुकली असती. कांदा नुकता पोसायला लागला होता. एवढी पाळी निघेल, असं तिला वाटलं होतं. आता नाही म्हणावं तर हलगर्जी तिची, हो म्हणावं तर जाणूनबुजून जुंपली. दोन्हीकडून भिमाजी सुटत होता.

"फिरवलं. लागले टाके."

"मंग बोलली का नाय?"

"कांदा बोलू देत नव्हता."

भिमाजी हसला. "बघा भाई, वहिनी खोटं बोलायची नाय!"

नवी मोट अकरा रुपयांची. त्या वर्षीच्या मंदीत नाशिकला नेलेल्या कांद्यातून गाडीभाडंसुद्धा सुटत नव्हतं.

"कुठून आणू अकरा? बैल इकू?"

"बैल कशाला? मोट मी आणतो. वैशाखातल्या आखाजीपस्तोर तुझं पाणी माझं."

"अर्धं तरी ठेव तिला," इब्राहिम म्हणाला.

"तुम्ही द्या की तुमच्यातलं, भाई. लय कळवळा हाय तर."

इब्राहिमने खांद्यावरचं फडकं झटकलं. "ऊन चढलं," म्हणाला आणि घरी गेला.

आठवड्याने नवी मोट आली. भिमाजीचं रान चतुराबाईच्या पलीकडे. त्याचा पाट तिच्या कांद्यातूनच जायचा. वाफ्यांना भेगा पडल्या होत्या, पाती पिवळी पडून लोळत होती. वाटेत उंदराच्या बिळातून पाणी फुटलं आणि तिच्या पहिल्या वाफ्यात शिरलं. माती चुर्र करून ते पिऊ लागली.

भिमाजी विहिरीवरच्या थारोळ्यापासून ओरडला, "वहिनी! पाणी फुटतंय बघ!"

चतुराबाई खाली बसली. तिने ओंजळभर चिखल उचलला, आपल्या वाफ्याकडचं भोक बुजवलं आणि वर टाच दाबून धरली. पाणी पुढे गेलं.