पांढरी गाडी, हिरवा पट्टा

"पांढरी गाडी, हिरवा पट्टा," रेडिओतून खरखरीत आवाज आला. "नवीन दिसताय. बोला, किती जण?"

लीलंडने रेडिओ तोंडाशी धरला, अंगठ्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "दोन."

"दोन. बरे आहात?"

"बरे आहोत."

"निळी बस," आवाज पुढे गेला.

निळ्या बसमध्ये एक जण होता आणि तो बरा होता. बाटल्यांच्या भिंतीमागे तिघं होते, त्यातल्या एकाची दाढ ठणकत होती. लीलंड गाडीच्या पायरीवर बसून हातातल्या काळ्या ठोकळ्याकडे बघत राहिला. एकेचाळीस वर्षं खानावळीच्या दारात, चर्चच्या जेवणावळीत, कुठेही कुणी 'किती जण' विचारलं की तो एकच आकडा सांगत आला होता. आजही तोच निघून गेला. आर्लिस ऑगस्टात गेली होती आणि आता नोव्हेंबर संपत आला होता.

बटण पुन्हा दाबून चूक सांगता आली असती. पण काय सांगायचं? माफ करा, दोन नाही, बायको मेली आहे? तेही दाढ दुखणाऱ्या माणसानंतर, ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत अशा चाळीसेक माणसांना? त्याने रेडिओ पायरीवर ठेवून दिला.

आदल्या संध्याकाळी तो इथे पोचला होता. लष्कराने कधीकाळी छावणी उठवली तेव्हा बराकी उचलून नेल्या, सिमेंटचे चौथरे तेवढे वाळवंटात राहिले. ज्याला जो रिकामा सापडला तो त्याचा. लीलंडला कडेचा मिळाला होता, दोन भेगा गेलेला. गाडी लावून खाली उतरतो तोच पाण्याच्या टाकीचा ट्रक घेऊन रिगो आला. साठीचा, गुडघ्याने लंगडणारा. आधी काय काम करायचास, एवढं विचारून त्याने रेडिओ हातात ठेवला.

"इथं फोन लागत नाही," रिगो म्हणाला. "सकाळी सातला कोंबडा आरवतो. नाव घेतलं की ओ द्यायची. नाही दिली तर मला दार वाजवायला यावं लागतं. माझ्या गुडघ्याचा विचार कर."

"कोंबडा?"

"ल्युडीन. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे. तिच्यासमोर नको म्हणूस, पण तिला ठाऊक आहे."

लीलंडने चौतीस वर्षं नेब्रास्कातल्या एका गावात पाण्याचे मीटर वाचले होते. हिवाळ्यात बाकीचे गाडीत हीटर लावून बसत आणि मागच्या महिन्यावरून अंदाजाने आकडा लिहीत. लीलंड बर्फ उकरून खड्ड्याचं झाकण काढायचा, पोटावर झोपायचा, बाहीने काच पुसायचा आणि दिसेल तो आकडा लिहायचा. त्याच्या हातून दुसरं काही मोठं झालं नव्हतं. मूल नव्हतं, बढती एकदाच मिळाली, तीही त्याने परत केली, कारण तिच्यात दिवसभर बसून राहावं लागे. पण चौतीस वर्षांत त्याचा एकही आकडा खोटा निघाला नव्हता. आर्लिस म्हणायची, "तुला खोटं जमत नाही, म्हणून तर लग्न केलं तुझ्याशी. कान लाल होतात तुझे."

आत पलंग, टेबल, कपाट असलेली ही राहायची गाडी तिच्या हट्टाने घेतली होती. निवृत्तीनंतर एक तरी हिवाळा बर्फाशिवाय काढायचा, एवढीच तिची मागणी. गाडी जूनमध्ये आली. हिरवा पट्टा तिनेच रंगवला, एका बाजूला थोडा वाकडा.

दुपारी रिगो पाणी घेऊन आला. गावातला नळ पाच मैलांवर, तिथून टाकी भरून आणायची आणि माणशी एक निळा कॅन, दोन दिवसांना. त्याने दोन कॅन उतरवले.

"रिगो, ऐक," लीलंड म्हणाला.

"ऐकतोय. बाईसाहेब झोपल्यात वाटतं?" रिगोने पडदा ओढलेल्या खिडकीकडे बघून आवाज खाली आणला. "पहिले चार दिवस असंच होतं. ऊन सोसत नाही. माझी बायको तर आठ दिवस मला शिव्या देत पडून होती, मग मला सोडून गेली. ही उठली की सांग, दुपारचं बाहेर पडायचं नाही. झोपलीये ना?"

"हो," लीलंड म्हणाला.

कान तापले. रिगो तोवर वळला होता. सकाळचा आकडा तोंडातून घसरला होता. हे खोटं त्याने स्वतः सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चौथऱ्यावरची कॉर्लिस आली. ती जुन्या पॅराशूटच्या कापडाचे मांडव शिवायची, बोटांना सगळीकडे चिकटपट्ट्या. तिने फडक्यात गुंडाळलेला मक्याचा पाव लीलंडच्या हातात दिला आणि त्याला ओलांडून थेट खिडकीच्या जाळीशी बोलू लागली.

"अगं, मी कॉर्लिस, शेजारची. तुझं नाव काय म्हणायचं?"

"आर्लिस," लीलंड म्हणाला.

"आर्लिस, कॉर्लिस. बघ बाई, देवालाही नावं पुरत नाहीत. उठू नकोस, पड तू. पाव केलाय. साखर घातलेली नाही, आधीच सांगते, इथं सगळे त्यावरून भांडतात."

"तिला साखर चालतच नाही पावात," लीलंड म्हणाला.

"चालत नाही ना? मग आमचं जमेल."

ती गेल्यावर लीलंड पाव हातात धरून उभा राहिला. पाव गरम होता. तीन महिन्यांत सगळ्यांनी आर्लिसच्या मागे 'होती' लावलं होतं. बँकेतल्या पोराने लावलं, पाद्र्याने लावलं, तिच्या सख्ख्या बहिणीने तर दुसऱ्याच दिवशी लावलं. आवडायचं, म्हणायची, करायची. आणि इथे या रेताडात एक अनोळखी बाई तिला 'पड तू' म्हणून गेली होती.

त्याने पुढच्या सकाळी सांगितलं, "दोन. बरे आहोत." त्याच्या पुढच्याही सकाळी सांगितलं. आता आवाज अडखळत नव्हता. दुपारी डोंगरापलीकडे लष्कराच्या सरावाचे बाँब पडायचे, जमीन हलायची, कपाटातल्या बशा वाजायच्या. संध्याकाळी लांबून मालगाडी जायची, ती संपेपर्यंत तो डबे मोजायचा. कॉर्लिस जाता-येता विचारायची, "आज कशी आहे?" तो म्हणायचा, "आज जरा बरी आहे." मग आत जाऊन दार लावून घ्यायचा. आत कुणी नसायचं. बाहेर ती होती आणि आत नव्हती, असं काहीतरी विचित्र झालं होतं, आणि त्यामुळे आत बसणं घरी होतं त्याहून कठीण झालं.

पाचव्या दिवशी हजेरीनंतर दारावर काठी वाजली. ल्युडीन होती. खांद्यापर्यंत पांढरी वेणी, पुरुषाचा शर्ट.

"बायकोला बघायला आले," ती म्हणाली.

"ती झोपलीये."

"मग झोपलेली बघेन. हे बघ, दोन हिवाळ्यांपूर्वी त्या पिवळ्या ट्रेलरमधला रोज 'दोन, बरे' सांगायचा. नऊ दिवस सांगितलं त्यानं. बायको आत खुब्याचं हाड मोडून पडलेली. माणूस वाईट नव्हता, डोकं चालत नव्हतं त्याचं. पण मी नऊ दिवस त्याचा आकडा ऐकून पुढं गेले. तेव्हापासून चार दिवस जो कुणाला दिसला नाही, त्याला मी डोळ्यांनी बघते. सरक."

लीलंड दारात उभा होता. त्याला वाटलं, नाही म्हणावं. नाही म्हटलं असतं तर रिगो आला असता, मग आणखी दोघं. इथून घालवून दिलं असतं, आणि जायला जागा कुठे होती? मग तो बाजूला झाला.

ल्युडीन आत आली. तिने पलंग बघितला, एकाच अंगाला चुरगळलेला. दाराजवळ पुरुषाच्या बुटांचा एक जोड. टेबलावर एक ताट. बघायला फार वेळ लागला नाही. ती खुर्चीवर बसली.

"कधी?"

"ऑगस्टात."

"कशानं?"

"भांडी घासत होती. बसते म्हणाली जरा."

ल्युडीनने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "आणि मला दोन सांगितलंस."

"तोंडातून निघून गेलं."

"पहिल्या दिवशी निघून गेलं. नंतरचे चार दिवस?"

"नंतर मीच सांगितलं," तो म्हणाला.

"इथं पाणी माणसं मोजून येतं, ठाऊक आहे ना? तुझ्या खोट्या माणसाचं पाणी कुणा खऱ्याच्या तोंडचं असतं."

तो तिला बाहेर घेऊन गेला आणि गाडीखाली वाकून दोन निळे कॅन ओढले. झाकणावरची पट्टीही फाडलेली नव्हती. "तिच्या वाटणीचं आहे," तो म्हणाला. "मी नाही प्यालो."

ल्युडीनने काठीच्या टोकाने कॅन हलवून बघितला. भरलेला होता. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला नाही, पण कुठे ठेवावा ते तिला कळेना झालं.

"निळ्या बसमधल्या ऑगीला पाणी पुरत नाही, त्याला डायबेटिस आहे," ती म्हणाली. "उचलून नेऊन दे. आणि आकडा मी बदलणार नाही. सांगणाऱ्यानं बदलायचा."

"कॉर्लिसला तुम्ही सांगाल?"

"मी कशाला सांगू? पाव तू खाल्लास."

त्याने ऑगीला पाणी नेऊन दिलं, एकेक कॅन, दोन खेपा. मग कॉर्लिसच्या मांडवाखाली गेला. तिने ऐकून घेतलं, सुई खाली ठेवली नाही. "मी तिला माझ्या सुनेचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं रे खिडकीतून," ती शेवटी म्हणाली. "बरं वाटलं होतं मला." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या सकाळी नाव पुकारलं गेलं तेव्हा लीलंडने बटण दाबलं नाही. त्याच्याने होईना. नाव दोनदा आलं, मग निळी बस. अर्ध्या तासाने रिगो लंगडत आला आणि दारावर थाप मारली.

"मेलास का?"

"नाही."

"मग तसं सांगायला काय जातं? गुडघा माझा, दुखणं माझं, आणि मौन तुझं." तो पायरीवर टेकला. त्याला कळलं होतं, इथे दुपारपर्यंत सगळ्यांना सगळं कळतं. थोडा वेळ तो गुडघा चोळत बसला. "माझी बायको गेली तेव्हा मी महिनाभर दोन कॅन घेत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, येईल परत. पण ट्रक माझाच, मला कोण विचारतंय?"

त्या रात्रीपासून दोन दिवस वारा सुटला आणि दोन्ही सकाळी हजेरी झाली नाही. रेती दारांच्या फटींतून आत आली, अंथरुणात, कॉफीत, दातांखाली. तिसऱ्या सकाळी, सातला पाच मिनिटं असताना, ल्युडीनची काठी पुन्हा वाजली. गळ्याभोवती फडकं बांधलेलं. तोंड उघडलं तर नुसती हवा आली. तिने लीलंडच्या हातात खोक्याचा फाडलेला पुठ्ठा दिला. त्यावर पेन्सिलीने सगळ्या चौथऱ्यांची नावं होती.

"मी?" लीलंड म्हणाला.

तिने मान हलवली आणि घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, "मीटर वाचायचास ना? वाच."

"रिगोला सांगा."

"त्याला वाचता येत नाही. वाच."

ती त्याच्या एकुलत्या खुर्चीवर बसली. तो पलंगाच्या कडेला बसला, चष्मा लावला, पुठ्ठा गुडघ्यावर घेतला आणि बटण दाबलं.

"टायरवाला," तो म्हणाला आणि बटण सोडलं.

"एक. कोंबड्याला काय झालं?"

"घसा बसलाय. बरे आहात?"

"बरा आहे."

"दोन कुत्री."

"दोघं. कुत्री धरून चौघं. बरे आहोत सगळे."

"कॉर्लिस."

थोडं थांबून आवाज आला. "एक. बरी आहे."

एकेक नाव घेत तो खाली येत गेला. नाव घ्यायचं, बटण सोडायचं, थांबायचं. त्याचा आवाज स्वच्छ होता, कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. हाताला लय लागली.

"पांढरी गाडी, हिरवा पट्टा," त्याने वाचलं आणि सवयीने बटण सोडलं.

रेडिओत नुसती खरखर होती. ल्युडीन खिडकीबाहेर बघत होती. सगळ्या चौथऱ्यांवर माणसं रेडिओ कानाशी धरून थांबली होती.

लीलंडने बटण दाबलं.

"एक," तो म्हणाला.

पुढचा 'बरे आहात?' विचारणारा तोच होता. त्याने तो विचारला नाही. पुठ्ठ्यावरचं बोट एक ओळ खाली नेलं.

"निळी बस."