जाऊबाईंपेक्षा उंच

शिल्पकाराच्या बायकोची मागणी फार मोठी नव्हती. बँकेच्या दालनात तिच्या थोरल्या जाऊबाई लाकडाच्या उभ्या होत्या, खऱ्या जाऊबाईंपेक्षा चांगल्या वीतभर उंच, आणि त्यांना घडवलं होतं हिच्याच नवऱ्याने. जाऊबाईंचं बँकेत काही काम नसे, तरी दर आठवड्याला जाऊन त्या स्वतःवरची धूळ झटकत आणि परतताना हिच्याकडे डोकावत. "आज दोघातिघांनी ओळखलं गं मला," एवढंच सांगून जात. कोणाच्याही पोटात दुखेल.

"अहो, तुम्ही वहिनींना घडवलंत, पोस्टमनला घडवलंत, शेजारच्या कुत्र्याला तर दोनदा घडवलंत," ती एक दिवस म्हणाली. "माझंच तेवढं वावडं आहे का?"

शिल्पकाराने तोंडातली पेन्सिल काढली. तो कायम दाराकडे पाठ करून काम करी आणि बायको काहीही बोलली तरी "हं" म्हणे. आज तो वळला. आपल्याला हे इतकी वर्षं सुचलं कसं नाही, याचं त्याला खरोखरच नवल वाटलं. "बस त्या स्टुलावर," तो म्हणाला.

अक्रोडाचा ओंडका आणला तेव्हा कार्यशाळेचं दार चौकटीसकट काढावं लागलं. बायकोने डोळ्यांनीच माप घेतलं. जाऊबाई त्यात आरामात मावल्या असत्या आणि वर टोपलीभर लाकूड उरलं असतं. प्रदर्शनवाला येऊन ट्रक ठरवून गेला. प्रदर्शनाच्या मोठ्या दालनात, अगदी मधोमध जागा देतो म्हणाला. त्या दिवशी बायको उगाचच दोनदा बँकेवरून जाऊन आली.

आता शिल्पकाराचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. तो सांधत नसे. एका लाकडात एक माणूस. डिंक नाही, खिळा नाही, भुसा कालवून खड्डा बुजवणं तर मुळीच नाही. नाकाचा टवका चुकून जास्त उडाला तर इतर लोक गुपचूप चिकटवून मोकळे होतात. हा त्या नाकाच्या मापाने चेहरा लहान करी, चेहऱ्याच्या मापाने खांदे आणि खांद्यांच्या मापाने पाय. बाहेरचे लोक याला कलावंताची निष्ठा म्हणतात. घरच्यांकडे त्याला वेगळा शब्द आहे.

सकाळची कामं आटोपून ती खिडकीपाशी स्टुलावर बसू लागली. पुतळा करायचा म्हणजे बघणं आलं, आणि इतकं टक लावून बघणाऱ्या माणसासमोर गप्प तरी किती बसणार? ती बोलायला लागली. लहानपणी ती पाण्याच्या टाकीवर चढली होती, आणि वर गेल्यावर कळलं की उतरायचं कसं ते काही ठरवलेलं नाही. खाली सगळी गल्ली जमली.

"मग?" शिल्पकार म्हणाला.

लग्नानंतर त्याने तिला पहिल्यांदाच "मग?" म्हटलं. ती खुलली. खालून तिच्या मामाने चादर धरली आणि वर बघून ओरडला, "आधी चपला टाक, चादर टिकते का बघू!" शिल्पकार हसला. पटाशी सटकली. नाकाचा शेंडा उडून भुशात पडला.

संध्याकाळपर्यंत पुतळा जाऊबाईंएवढा झाला होता.

"असू दे," ती म्हणाली. बरोबरी म्हणजे काही हार नव्हे. पण पुढच्या आठवड्यात मामाचा विषय पुन्हा निघाला आणि हनुवटी गेली. मग आत्याच्या लग्नातल्या फोटोग्राफरपायी एक कान. पुतळा तिच्या खांद्याला आला, कमरेला आला, गुडघ्याला आला. प्रदर्शनवाल्याने ट्रक रद्द करून मोटार सांगितली, मग मोटार रद्द करून स्कूटर, आणि शेवटी म्हणाला, "राहू द्या, मी खिशातूनच नेईन." जाऊबाई आल्या, पुतळ्यापुढे वाकल्या आणि कळवळून म्हणाल्या, "अगं, किती खंगलीस!" शेजारीण डॉक्टरचा पत्ता देऊन गेली. बायकोचं वजन उलट वाढलं होतं, पण ते कोण लक्षात घेतो!

एक दिवस तिला रडूच फुटलं. "मुद्दाम संपवताय तुम्ही मला."

"तू हसवतेस," शिल्पकार म्हणाला. "माझा हात हलतो."

हे मात्र तिला पटलं. दुसऱ्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. टाकीवर अडकलेली मुलगी तशीच वर राहिली. तो अधूनमधून "मग?" म्हणे, ती मान हलवून नाही म्हणे. पटाशी एकदाही सटकली नाही.

आणि पुतळा पूर्ण झाला. अंगठ्याएवढा. पण काय झाला! स्टूल होतं, स्टुलावर ती होती, काहीतरी सांगायला उघडलेलं तोंड होतं. भिंगातून पापण्या दिसत होत्या. प्रदर्शनवाला भिंग धरून पाणावल्या डोळ्यांनी म्हणाला, "मधोमध हाच. बाकी सगळे भिंतीला." जाऊबाईंनीही भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि पडेल आवाजात म्हणाल्या, "मला कुठे पापण्या आहेत?"

जिंकली होती ती. स्टुलावरून उतरली, चहा करून आणला. शिल्पकाराने तेवढ्यात नवा ठोकळा मांडला होता, कुत्रा तिसऱ्यांदा करायचा होता. त्याची पाठ दाराकडे होती.

"अहो, तो मामा होता ना," ती म्हणाली.

"हं," शिल्पकार म्हणाला. तोंडात पेन्सिल होती.

ती तिथेच उभी राहिली. तिला फार वाईट वाटलं, पुतळा कमरेएवढा झाला तेव्हाही वाटलं नव्हतं तेवढं. प्रदर्शनवाला काड्यापेटीत कापूस अंथरत होता. तिने त्याच्या हातातून पुतळा काढून घेतला, खिडकीपाशी नेला आणि डोळ्यांजवळ धरला.

"हा जाणार नाही," ती म्हणाली. "नाक जरा मोठं झालंय."

"मोठं?" प्रदर्शनवाला किंचाळला. "बाई, ते दिसतसुद्धा नाही!"

"अगं, मग प्रदर्शनाचं काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"मोकळी जागा आहे ना मधोमध, तुम्ही जा बँकेतून तिथे," ती म्हणाली आणि कुत्र्याचा ठोकळा बाजूला सारून तिने अंगठ्याएवढ्या स्वतःला नवऱ्यापुढे ठेवलं. मग स्टूल ओढून त्यावर बसली. "तर खाली मामा चादर धरून उभा. मी एक चप्पल टाकली."

शिल्पकाराने तोंडातली पेन्सिल काढली. सगळ्यात बारीक पटाशी शोधून हातात घेतली आणि तिच्याकडे बघितलं.

"मग?" तो म्हणाला.